समोरासमोर ठेवलेले बाक

जुनी दारं-खिडक्या आणि लाकडी सामान घेऊन विकायचं, हा माझा धंदा. हातगाडीपासून सुरुवात करून नव्वदच्या दशकाच्या मध्यात द्वारका चौकाजवळ स्वतःचं दुकान टाकलं. कुठल्याही वस्तूचा भाव ऐकला की माझ्या तोंडून आपोआप "काय सांगता!" निघतं. ही सवय मला चर्चमध्ये नडली.

हंगामाच्या सणाला आमच्याकडे लोक परसातलं, शेतातलं काहीबाही देवापुढे आणून ठेवतात. उपासना झाली की आवारात त्याचा लिलाव होतो. पैसे चर्चला जातात, म्हणून माणसं साध्या लिंबालाही चढाओढीने बोली लावतात. त्या वर्षी एक भोपळा निघाला. बाकावर कायम माझ्या शेजारी बसणाऱ्या निवृत्त मास्तरांनी बोली लावली. मी वाढवली. त्यांनी आणखी वाढवली, आणि माझं डोकं फिरलं.

"अहो, मंडईत एवढ्यात दोन येतील! आणि हा देठाशी मऊ पडलाय!"

दान द्यायच्या जागी भाव पाडणारा मी पहिलाच. सगळं आवार हसलं, पाळकसाहेबसुद्धा. मी स्कूटरला किक मारली.

पुढच्या रविवारी गेलो नाही. कुणीतरी समजूत काढायला येईल, मग आपण थोडे आढेवेढे घेऊन तयार व्हायचं, असा सौदा मी मनात ठरवून ठेवला होता. गिऱ्हाईकच फिरकलं नाही. नाताळला बायकामुलं चर्चला गेली. त्यांनी आणलेला केक मी घरी बसून खाल्ला, तोही रागाने.

त्याच थंडीत दुकानासमोरच्या चहावाल्याशी वाजलं. मी त्याच्या चहाला पाणी म्हणालो, तो म्हणाला, "मग घरी प्या." दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. थोड्या वेळाने तो स्वतः ग्लास घेऊन दुकानात हजर.

"शेठ, कालचं भांडण अर्धं राहिलंय. बाकावर तुमची जागा रिकामी दिसती, लोक सारखे विचारतात. चला."

मला भरून आलं. त्या भरात मी त्याला भोपळ्यापासून सगळं सांगून टाकलं. "आमच्या चर्चने तुझ्याकडे शिकवणी लावली पाहिजे," असंही म्हणालो.

"तिथं तुमच्या शेजारी कोण बसतं?"

"एक मास्तर."

"ते येतात का अजून?"

"मला काय माहीत? मी जातोय कुठे?"

"मग त्यांच्या घरी तरी गेला असाल."

चहा खरंच पाणचट होता. तरी मी तो संपवला.

संध्याकाळी मास्तरांकडे गेलो. ते पाय प्लास्टरमध्ये घालून खुर्चीत बसले होते.

"भोपळा न्यायला आलास? संपला. आणि मऊबिऊ काही नव्हता."

"मी रागावून बसलो तर तुम्ही यायला नको?"

"मी पडलो तर तू यायला नको? पाळक येऊन प्रार्थना करून गेले. शेजारी बसणारा मात्र आला नाही. म्हटलं, आता पाय बरा झाला तरी जायचं नाही."

माझ्याइतका रुसका माणूस चर्चमध्ये दुसरा असेल आणि तोही माझ्याच बाकावर, हे मला तोवर कळलं नव्हतं. कळणार कसं? तिथे सगळे बाक पुढे तोंड करून. इतक्या वर्षांत मला पुढच्या माणसाची मान तेवढी पाठ झाली होती. चहावाल्याकडचे दोन बाक समोरासमोर आहेत, गुडघ्याला गुडघा लागतो. एक माणूस नसला तरी डोळ्यांत येतं.

प्लास्टर निघालं त्या रविवारी मास्तरांना स्कूटरवर मागे बसवून चर्चला नेलं. उपासनेनंतर व्हरांड्यात भिंतीला लावलेले दोन जुने बाक ओढून मी समोरासमोर ठेवले.

"हे कुणी हलवले?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"मी. अस्सल सागवान आहे, भिंतीला टेकून वाया चाललंय. बसा."

ते बसले. मास्तर बसले, मग आणखी चारपाच जण. आता चहा कुणी आणायचा?

"लाव बोली," मास्तर म्हणाले.

"दर रविवारी मी आणीन," मी ठणकावून सांगितलं आणि मास्तरांकडे बघत राहिलो.

बोली कुणीच वाढवली नाही.