गोलकीपर नसलेल्या खेळातले हेन्रीभाऊ

अजमानच्या बिल्डिंगमध्ये आम्ही राहायला आलो त्याच दिवशी लिफ्टमध्ये माझी पिशवी फाटली आणि आईने दिलेली लोणच्याची बरणी खाली निघाली. मी डोळे गच्च मिटले. फुटल्याचा आवाज येईना म्हणून उघडले, तर एक टकले, पोट सुटलेले गृहस्थ गुडघ्यांवर बसून माझी बरणी छातीशी धरून होते. "घाबरू नका, पकडली," ते म्हणाले आणि काहीच झालं नाही अशा थाटात उठून त्यांनी पॅन्टचे गुडघे झटकले.

हे हेन्रीभाऊ. वसईचे, दुबईच्या एका हॉटेलात बँक्वेट सुपरवायझर, आणि आमच्या समोरच्या दारात राहणारे. तरुणपणी ते गावच्या टीमचे गोलकीपर होते, हे त्यांनी लिफ्ट आमच्या मजल्यावर पोहोचायच्या आत मला सांगून टाकलं. या माणसाच्या हातून काही पडलेलं मी आजतागायत पाहिलेलं नाही. त्यांच्यासमोर चहाचा कप जरा कलंडला तरी दोन हात आधी पुढे येतात, डोकं मागाहून येतं. त्यांची बायको थेरेसा म्हणते, "लग्नात माझा बुके पण यानेच पकडला. मी मैत्रिणींकडे फेकला होता."

एक गोष्ट मात्र हेन्रीभाऊ स्वतःहून कधी सांगत नाहीत. ती दुसरेच सांगतात. वसईतल्या एका टुर्नामेंटच्या फायनलला पेनल्टी शूटआउट झालं. हेन्रीभाऊंनी दोन पेनल्ट्या अडवल्या, गाव खांद्यावर घ्यायला तयार झालं, आणि शेवटची किक मारायला त्यांनाच पाठवलं. बॉल पोलला लागून परत आला. कप गेला. त्याला तीस वर्षं होऊन गेली, पण अजमानमध्ये वसईवाले जमले आणि पोर्क इंदेलची वाटी फिरायला लागली की कोणीतरी म्हणतंच, "आमच्या हेन्रीने कप नाही, खांब जिंकला!" सगळे हसतात. हेन्रीभाऊही हसतात. मला त्या लोकांचा राग येतो. एकदा चूक झाली म्हणून माणसाला जन्मभर टोचायचं, ही कसली करमणूक!

त्यांची लेक जेनेल. ती लहान असताना बिल्डिंगमागच्या पार्किंगमध्ये हेन्रीभाऊ तिच्याकडे उंच बॉल उडवायचे आणि ती गाड्यांच्या मधून धावत तो डोक्यावर झेलायची. आता ती दुबईत नोकरी करते. तिच्या ऑफिसातल्या मेगन नावाच्या ऑस्ट्रेलियन बाईने एकदा तिला कँटीनमध्ये उडालेली पाण्याची बाटली हवेत पकडताना पाहिलं आणि तिथेच विचारलं, "आमच्या टीममध्ये येतेस का?" मेगन त्यांच्याकडच्या फुटबॉलच्या लेडीज टीमची कोच होती. पोरगी गेली, आणि त्या खेळाच्या प्रेमातच पडली.

घरात वादळ झालं. बाप सॉकरवाला, मुलगी हा नवीनच फुटबॉल खेळणार. मला खेळातलं काडीचं कळत नाही आणि ते सांगायला लाजही वाटत नाही, पण दोन्ही दारं उघडी असायची, म्हणून सगळं शिकले. रग्बीत म्हणे बॉल मागे फेकत पुढे जायचं. अमेरिकन लोक दर चार पावलांनी थांबून मीटिंग घेतात. सॉकरमध्ये हात लावला की शिट्टी. या ऑस्ट्रेलियन प्रकारात मात्र बॉल लांबुडका, मैदान क्रिकेटचं असतं तसं लंबगोल, ऑफसाइड नाहीच. बॉल हाताने पकडा, पायाने मारा, तळहातावर ठेवून मुठीने ठोसा द्या, फक्त फेकायचा नाही. लांबून आलेली किक हवेत झेलली की सगळे बाजूला होतात आणि तुम्हाला निवांत किक मारायला मिळते.

"हाताने पकडतात तो फुटबॉल कसला?" हेन्रीभाऊ कडाडले.

"तू जन्मभर काय पायाने पकडलास?" थेरेसा स्वयंपाकघरातून म्हणाली.

"मी गोलकीपर होतो! आणि यांच्यात..." ते माझ्याकडे वळले आणि त्यांचा आवाज खाली आला. "छायाताई, यांच्यात गोलकीपरच नसतो."

खरंच नसतो. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधले दोन उंच, बाजूचे दोन ठेंगणे. वर आडवी दांडी नाही, मागे जाळी नाही, अडवायला माणूस नाही. मधल्या खांबांतून बॉल मारला की गोल, सहा पॉइंट. उंच आणि ठेंगण्या खांबाच्या मधून गेला, किंवा उंच खांबाला नुसता लागला, तरी एक पॉइंट.

"चुकलेल्याला पॉइंट?" हेन्रीभाऊंनी कपाळावर हात मारला. "ही काय बालवाडी आहे?"

"इट्स कॉल्ड अ बिहाइंड, पपा. यू गेट समथिंग फॉर गेटिंग क्लोज," जेनेल म्हणाली.

"आमच्या वेळी क्लोज जाऊन शिव्या मिळायच्या."

हे ऐकून मी हसले, पण नंतर कितीतरी वेळ ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

त्या खेळात उंच खांबांच्या मधोमध एक माणूस असतो, पण तो अडवायला नसतो. त्याला गोल अंपायर म्हणतात. बॉल कुठून गेला ते त्याने बघायचं. मैदानातला अंपायर 'ऑल क्लिअर' म्हणाला की गोलसाठी दोन बोटं पुढे करायची, एका पॉइंटसाठी एक. मग तेवढीच पांढरी निशाणं हलवायची, म्हणजे समोरच्या टोकाच्या गोल अंपायरला दिसतं. त्यांच्या लीगमध्ये हा माणूस ज्या त्या टीमने घरून आणायचा. जानेवारीतल्या एका सरावाच्या मॅचला माणूस कमी पडला आणि जेनेलने बापाला गळ घातली. खांबांच्या मध्ये उभं राहायचं म्हटल्यावर हेन्रीभाऊंचा विरोध मावळला. पांढरा शर्ट इस्त्री करून निघाले. मी आणि थेरेसा फुग्यांचा, म्हणजे वसईच्या तळलेल्या गोल पावांचा, डबा घेऊन मागोमाग.

पहिले दोन भाग छान झाले. मग जेनेलने बॉल झेलला आणि थेट मधल्या खांबांत किक मारली. अगदी सरळ. तिचा आयुष्यातला पहिला गोल. आणि माझ्या डोळ्यांदेखत हेन्रीभाऊ डावीकडे आडवे झेपावले, बॉल छातीशी घेतला, एक कोलांटी खाल्ली, उठले आणि लांबलचक किक मारून बॉल मैदानाच्या मध्यावर पाठवून दिला. वर हात करून ओरडले, "यल्ला, अप! अप!"

सगळं मैदान पुतळ्यासारखं उभं राहिलं. मग हशा पिकला. मेगन तर जमिनीवर बसून हसत होती. बॉल रेषेपलीकडे गेलाच नव्हता, त्यामुळे गोल काही मिळाला नाही. सगळ्यांत शेवटी हेन्रीभाऊंना कळलं की आपण काय केलं.

एकटी जेनेल हसली नाही. गाडीत सबंध शारजाचा ट्रॅफिक संपेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. बिल्डिंगखाली उतरताना म्हणाली, "पपा, डोन्ट कम अगेन. प्लीज."

त्यानंतर त्या माणसाचा चेहरा पार उतरला. मॅचच्या शनिवारी गाडीची चावी हातात घेऊन दाराशी घुटमळायचे आणि जेनेल मैत्रिणीच्या गाडीने निघून गेली की परत खुंटीला लावायचे. त्यांना लेकीने एकदा "पपा, या" म्हणायला हवं होतं, बाकी काही नको होतं. मला पोरीचंही कळत होतं. पहिला गोल हा पहिला असतो, तो बापाने अडवला तरी दुखतंच.

मार्चमध्ये त्यांची टीम फायनलला पोहोचली. आदल्या आठवड्यात त्यांचा नेहमीचा गोल अंपायर ऑफिसच्या कामाला रुवैसला गेला, आणि दुसरं कोणी मिळेना. जेनेल सोफ्याच्या कडेवर येऊन बसली.

"पपा, कॅन यू कीप युअर हँड्स टु युअरसेल्फ?"

"इन्शाल्ला," हेन्रीभाऊ म्हणाले.

"नो इन्शाल्ला. येस ऑर नो?"

"येस."

मग आमच्या पॅसेजमध्ये जो सराव झाला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. हेन्रीभाऊ भिंतीला पाठ करून उभे, आणि थेरेसा त्यांच्याकडे बटाटे फेकायची. नियम एकच, पकडायचा नाही. पहिल्या दिवशी त्यांनी सगळे पकडले. "अरे, भाजीवाल्याला दे तुझे हात!" थेरेसा ओरडली. मीही माझे कांदे घेऊन मदतीला गेले. शेवटी थेरेसानेच तोड काढली. तिने आपली रोझरीची माळ त्यांच्या हातात गुंडाळली आणि दोन्ही हात पाठीमागे धरायला लावले. "आता मदर मेरीला सोडून बटाटा पकडशील तर बघ!" ही मात्रा लागू पडली. बटाटे कानाजवळून जाऊन भिंतीवर आपटायला लागले. त्या आठवड्यात दोन्ही घरांत रोज बटाट्याची भाजी होती. माझे मिस्टर सुजीत चौथ्या दिवशी बाहेरून शवर्मा घेऊन आले.

फायनलला हेन्रीभाऊ खांबांच्या मध्ये उभे राहिले ते हात पाठीमागे बांधूनच. बोटं उघडून गोल दाखवायचे, निशाणं हलवायचे, की परत रोझरी आणि परत हात मागे. बॉल डोक्यावरून गेला, नाकासमोरून गेला, माणूस जागचा हलला नाही. फक्त प्रत्येक वेळी त्यांचे खांदे उडायचे. थेरेसा माझा दंड धरून बसली होती.

शेवटच्या मिनिटाला दोन्हीकडचे पॉइंट सारखे. लांबून एक किक आली, आणि चार पोरींच्या मधून जेनेल वर उठली. दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन तिने बॉल असा झेलला की मला ते पार्किंगच आठवलं. सगळ्या बाजूला झाल्या. समोर खांब, खांबांच्या मध्ये बाप. ती मागे गेली, धावत आली, किक मारली. बॉल हवेत असतानाच मॅच संपल्याचा भोंगा वाजला.

बॉल उजव्या उंच खांबावर धाडकन आदळला आणि उलटा फिरून सरळ हेन्रीभाऊंच्या अंगावर आला. त्यांनी तो पकडला.

"परत पोल," थेरेसा पुटपुटली आणि तिने पदरात लपवावं तसं तोंड माझ्या ओढणीत लपवलं. "देवा, परत पोल. आणि परत पकडला यानं!"

जेनेल गुडघ्यांवर बसली होती. हेन्रीभाऊ बॉल कवटाळून खांबाकडे बघत होते, एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तसे. मैदानातला अंपायर धावत आला. किक भोंग्याच्या आधीची होती आणि बॉल आधी खांबाला लागला होता, त्यामुळे नंतर कोणी पकडला त्याला काही अर्थ नव्हता. तो म्हणाला, "ऑल क्लिअर."

हेन्रीभाऊंनी बॉल डाव्या काखेत दाबला आणि उजव्या हाताचं एक बोट पुढे केलं. त्या बोटावरून रोझरी लोंबत होती.

एक पॉइंट. सारखे असलेले पॉइंट आता सारखे राहिले नव्हते. जेनेलची टीम जिंकली, हे मला शेजारची मंडळी उड्या मारायला लागल्यावर कळलं. खांबाला लागूनच जिंकली. मी रडले. खेळातलं काही कळत नाही म्हणणारी मी, एका खांबासाठी ढसाढसा रडले.

पोरी जेनेलच्या अंगावर पडल्या होत्या. त्यांतून सुटून ती धावत बापाकडे आली. "पपा, यू कॉट इट अगेन!"

"पोलला लागून आला, बेटा," हेन्रीभाऊ म्हणाले. त्यांचा चेहरा ओला होता आणि तो पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. "पोलला लागलेला कॅच कोणी सोडतं का?"

जेनेलने त्यांना बॉलसकट मिठी मारली. मग एकदम दचकून म्हणाली, "पपा, द फ्लॅग!"

त्यांनी बॉल तिच्या हातात दिला, एक निशाण उचललं आणि हलवायला लागले. समोरच्या टोकाच्या माणसाने उत्तर देऊन आपलं निशाण खाली ठेवलं, टोपी काढली, पाण्याची बाटली उघडली. हेन्रीभाऊ हलवतच होते.