यादीत स्वतःला वगळणारी कॅचर

आमच्या वस्तीत विहाराच्या भिंतीला एक काळा फळा आहे. वंदनेची वेळ, जयंतीच्या बैठकीची तारीख, नळाला पाणी कधी येणार, असलं त्यावर लिहिलेलं असतं. पण निवडणूक आली की फळा किसनच्या ताब्यात जातो. त्याची चहाची टपरी बरोबर समोर आहे. ग्रामपंचायत असो की सोसायटी, कोण कोण निवडून येणार याचा अंदाज ज्याला हवा त्यानं फळ्यावर लिहायचा. ज्याचा अंदाज सर्वांत जवळ येईल त्याच्या कपाळाला वस्तीनं निळा गुलाल लावायचा. निवडून आलेल्याचा गुलाल वेगळा, अंदाजाचा वेगळा. हा नियम किसननंच केला, आणि बहुतेक वेळा गुलालही त्यालाच लागतो.

गेल्या वर्षी या फळ्यावर भारताच्या महिला बेसबॉल संघाचा अंदाज लिहिला गेला. त्याचं कारण आमची प्रियदर्शिनी. माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे वस्तीत आहेत, पण ते तिच्यावर लिहीत नाहीत, म्हणून मी लिहितो. खेळातलं मला बेताचंच कळतं. चुकलं तर तिनं सुधारावं.

प्रियदर्शिनी ही केशरबाईची एकुलती एक. वडील लवकर गेले. केशरबाई आमच्या भुकूमवरून डोंगर चढून लवळ्याला जायची. तिथं मुलींच्या वसतिगृहाच्या खानावळीत पोळ्या लाटायची. शाळा सुटली की पोरही तिकडंच. खानावळीच्या मागं मैदान होतं, आणि कॉलेजच्या मुली तिथं सॉफ्टबॉल खेळायच्या. एक दिवस त्यांची कॅचर आली नाही. कॅचर म्हणजे चेंडू मारणारीच्या मागं उकिडवी बसून चेंडू झेलणारी. तोंडावर लोखंडी जाळी, छातीला गादी, नडगीला पट्टे, आणि उन्हात तास न् तास त्या बैठकीत बसायचं. ती जागा कुणालाच नको असते. मुलींनी तारेच्या कुंपणाशी उभ्या असलेल्या या पोरीला हाक मारली, "ए, बसतेस का गं इथं?"

ती बसली. तेव्हापासून उठली नाही.

पुढं सॉफ्टबॉलवरून ती बेसबॉलवर गेली, जिल्ह्याकडून खेळली, मग महाराष्ट्राकडून. मधल्या काळात तिनं शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि बावधनच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून लागली. सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी शाळेनंतर सराव. वस्तीतल्या बायका केशरबाईला ऐकवायच्या, "अगं, पोरीचं गुडघं गेल्यावर तिला करून कोण घेणार?" एकदा हे प्रियदर्शिनीनंच ऐकलं. म्हणाली, "मावशी, गुडघंबी माझं आणि नवराबी माझा. दोन्ही माझं मी बघते. तुमी तुमची सून सांभाळा." त्यानंतर तिच्यासमोर तरी कुणी हा विषय काढला नाही.

मी तिला एकदा विचारलं होतं की, सगळ्यांत अवघड जागा का धरलीस. म्हणाली, "आबा, बाकीच्या आठजणी एकीकडं तोंड करून उभ्या असतात. मी एकटी त्यांच्याकडं तोंड करून. मला सगळ्यांची तोंडं दिसतात. कोण घाबरलीय, कुणाचा खांदा दुखतोय, कोण उगाच जोर दाखवतीय. दुसरीकडं हे कुटं दिसतं?"

भारताच्या संघासाठी शिबिर होतं, त्यात दोनदा तिला बोलावणं आलं आणि दोन्ही वेळा ती शेवटच्या निवडीत गळून घरी आली. गेल्या वर्षी आशियाई स्पर्धेच्या शिबिरासाठी तिसऱ्यांदा नाव आलं. तिचं एकतिसावं चालू होतं. राज्याच्या प्रशिक्षकांनी सरळच सांगितलं होतं की ही शेवटची संधी, यापुढं समिती तरुण मुलीच बघणार. भारताचं नाव छातीवर घालून एकदा तरी मैदानात बसायचं, एवढंच तिला हवं होतं. वस्तीत हे सगळ्यांना माहीत होतं.

शिबिराच्या मुलींची यादी तिच्या मोबाइलवर आली. त्यातून वीसजणी निवडायच्या होत्या. किसननं ती यादी मागून घेतली आणि खडू शोधला.

"आता जरा जिल्हा परिषदेच्या वरचं राजकारण करू," तो म्हणाला.

किसनला बेसबॉल कळत नव्हता, पण पॅनेल कळत होतं. त्यानं आधी राज्यं मांडली. पंजाबला इतक्या, हरियाणाला इतक्या, केरळला इतक्या. महाराष्ट्राला चार, त्यात पुणे जिल्ह्याला एक, आणि पुणे जिल्ह्यातून मुळशीचा नंबर लागलाच पाहिजे, कारण गेल्या दोन्ही वेळी मुळशीला डावललं होतं. कॅप्टन उत्तरेची केली. व्हाइस कॅप्टन दक्षिणेला दिली.

"उपसरपंचपद दुसऱ्या गटाला द्यावंच लागतंय," त्यानं समजावलं. "न्हाईतर आतून पाडतात."

पहिल्या ओळीत, सगळ्यांच्या वर, त्यानं मोठ्या अक्षरात लिहिलं, प्रियदर्शिनी. मग वस्तीतल्या आणखी चारपाच जणांनी आपापले अंदाज लिहिले. सगळ्यांच्या वरच्या ओळीत तेच नाव. मी लिहिलं नाही, माझं अक्षर फळ्यावर नीट येत नाही. पण विचारलं असतं तर मीही तेच नाव सांगितलं असतं.

संध्याकाळी प्रियदर्शिनी शाळेतून आली. गाडी लावून ती फळा वाचत उभी राहिली आणि हसायलाच लागली.

"काका, चेंडू फेकणाऱ्या पिचर दोनच?"

"एका जागंला किती उमेदवार उभं करायचं मग? मतं फुटत्यात."

"काका, लागोपाठ सामने असतात. हात दुखतो. सहासात तरी पिचर लागतात."

"सात? एका वॉर्डात सात?" किसननं टपरीवरच्या लोकांकडं बघितलं. "मग बाकीच्यांनी काय सतरंज्या उचलायच्या?"

हसणं झालं. मग तिनं खडू घेतला आणि फळ्याच्या उरलेल्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आपली यादी लिहायला घेतली. पिचर सात. मग बाकीच्या जागा. एकेक नाव ती विचार करून लिहीत होती. कॅचरची जागा आली तिथं तिनं दोन नावं लिहिली. एक हरियाणाची, दुसरी जळगावकडची वैष्णवी. वैष्णवी वीस वर्षांची. गेल्या हंगामात तिला कॅचरचं बसणं प्रियदर्शिनीनंच शिकवलं होतं.

वीस नावं झाली. तिनं खडू खाली ठेवला.

किसन यादी वाचून म्हणाला, "तुझं नाव ऱ्हायलं."

"ऱ्हायलं न्हाई. लिहिलं न्हाई."

"डोकं फिरलंय का तुझं? आमी वरच्या ओळीत लिवतोय आणि तू सोताला पाडतीयास?"

"तुमी काय व्हावं ते लिहिलंय. म्या काय होणार ते लिहिलंय. वैष्णवीचा हात माझ्यापेक्षा तेज हाय. माझा खांदा दोन वर्षांपूर्वी गेला होता, दुसऱ्या बेसवर चेंडू फेकायला मला पापणी लवण्याइतका जास्त वेळ लागतो. समितीला ते दिसणार."

"मग जातीस कशाला तितं? हितं बसून च्या पी."

"माझी यादी चुकवायला जाते," ती म्हणाली. "लिहिलंय ते पुसून दाखवायला."

केशरबाई फळ्याकडं आली तेव्हा अंधार पडायचा होता. तिला वाचता येतं. तिनं यादी दोनदा वाचली आणि लेकीला म्हणाली, "स्वतःच्या हातानं असलं लिहायचं अस्तंय व्हय? लोकं काय म्हणतील?"

"लोकं बाकीच्या याद्यांत म्हणालीच हायेत की. चल घरी, भूक लागलीय."

कुणीतरी फळ्याचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला आणि तो फिरत फिरत तिच्या शाळेत गेला. पर्यवेक्षिका सुलक्षणा मॅडमनी तिला बोलावून घेतलं. हे मला तिनंच नंतर सांगितलं.

"प्रियदर्शिनी, तुम्ही तीन आठवड्यांची रजा मागताय," मॅडम म्हणाल्या, "आणि तुमच्या स्वतःच्याच प्रेडिक्शनमध्ये तुमचं नाव नाही. मग स्पोर्ट्स डे सोडून तिकडं कशासाठी जायचं?"

"मॅडम, मुलांना मी रोज काय सांगते? सामना सुरू व्हायच्या आधी निकाल माहीत असला तरी मैदानात उतरायचं. आता मीच नाही उतरले तर उद्यापासून त्यांना कुठल्या तोंडानं सांगू?"

मॅडमनी रजेचा अर्ज पुढं ओढला. "बिनपगारी द्यावी लागेल."

"द्या."

शिबिर पंजाबात होतं. तिथून ती रोज केशरबाईला फोन करायची, पण निवडीबद्दल बोलायची नाही. जेवणात तूप फार असतं, एवढंच सांगायची. आम्ही मात्र टपरीवर रोज तेच बोलायचो. किसननं आपल्या यादीत पिचर वाढवल्या, पण त्यासाठी महाराष्ट्राची एकही जागा कमी केली नाही.

संघ जाहीर झाला तेव्हा ती परतीच्या गाडीत होती. किसनच्या मोबाइलवर यादी आली. त्यानं ती खालून वर वाचली, मग वरून खाली वाचली, आणि मोबाइल उलटा करून बरणीवर ठेवला. मी समजलो.

दुसऱ्या दिवशी ती येणार म्हणून सकाळीच किसननं बादलीत फडकं बुडवलं. "पोरगी यायच्या आत पुसून टाकू," तो म्हणाला. "त्या फळ्यावर नजर नको पडायला." आम्हा सगळ्यांना ते पटलं. त्यानं आपली स्वतःची यादी पुसली, मग बाकीच्यांच्या पुसल्या. तिची राहिली होती तेवढ्यात ती आली. चांदणी चौकातून पौडची बस धरून, पाठीवर ती मोठी पिशवी घेऊन, आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा बरीच आधी.

"फडकं ठेवा खाली, काका."

किसननं फडकं बादलीत टाकलं. ती फळ्याजवळ गेली, मोबाइलवर यादी काढली आणि एकेका नावापुढं बरोबरची खूण करत गेली. आम्ही बघत होतो. एका पिचरच्या नावापाशी थांबून तिनं फुली मारली. बाकी सगळ्या खुणाच. वैष्णवीच्या नावापुढची खूण तिनं जरा जोरात केली, खडूचा तुकडा पडला.

तिचे डोळे सुजलेले होते. गाडीत रडली असणार. पण आवाज साफ होता.

"गुलाल कुटंय?" तिनं विचारलं.

किसन बादली बाजूला सारायला लागला.

"काका, अंदाज कुणाचा जवळ आला?"

"पोरी, असूं दे आता," किसन म्हणाला. "हरलीस, त्यात गुलाल कसला?"

"निवडीत हरले. अंदाजात जिंकले. उमेदवाराचा गुलाल वेगळा, अंदाजाचा वेगळा. नियम कुणी केला?"

किसन खाली बघून म्हणाला, "म्या."

"मग आणा. वीस वर्षं तुमी तुमच्या कपाळाला लावून घेताय, एकदा माझी पाळी आली तर चोरताय व्हय?"

टपरीच्या फळीवर जुन्या डब्यात गुलाल असतो. किसननं डबा काढला, पण त्याच्याच्यानं लावेना. डबा त्यानं माझ्या हातात दिला. "आबा, तुमी वडीलधारे." केशरबाई दारात उभी होती, पदर तोंडाला लावून. प्रियदर्शिनी माझ्यापुढं आली आणि खाली बसली. उकिडवी, ती मैदानात बसते तशीच, मान ताठ, डोळे उघडे. एरवी गुलाल लावताना लोक डोळे मिटतात. मी लावला. थोडा तिच्या नाकावर सांडला.

"मॅडमला फोटो पाठवा कुणीतरी," ती म्हणाली. "आणि खाली लिहा, सोमवारी येते."

मग तिनं उठून बादलीतलं फडकं पिळलं आणि आपली यादी स्वतः पुसली. फळा वाळेपर्यंत थांबली. नंतर पुढच्या आशियाई स्पर्धेचं वर्ष वर लिहिलं. त्याखाली लिहिलं, कॅचर, आणि त्यापुढं आपलं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. बाकीची जागा रिकामी ठेवली.

किसन मागं येऊन उभा राहिला. "आता सोताचं लिवलंस? तवा तुझं वय काय असंल? आणि प्रशिक्षक तर म्हणालं की ही शेवटची..."

"ते त्यांचं म्हणणं."

"पण ह्यो अंदाज बरोबर यायचा न्हाई, पोरी. मी आत्ताच सांगतो."

"हा अंदाज न्हाई, काका. हा अर्ज हाय."

किसननं नावाकडं बघितलं, रिकाम्या फळ्याकडं बघितलं. त्याच्यातला निवडणुकीचा माणूस जागा झाला असावा.

"कुठल्या पॅनेलकडून?"

"अपक्ष," ती म्हणाली, आणि पिशवी उचलून घराकडं निघाली.