साडीवरचा शर्ट

आमच्या घरी वर्तमानपत्र एक दिवस उशिरा यायचं, पत्रकं मात्र ताजी असायची. वडील ऊसतोड कामगारांच्या चळवळीतले. चौसाळ्याच्या बाजारात वाटायच्या पत्रकांना घड्या घालता घालता मी वाचायला शिकले आणि त्यांच्या कोपऱ्यात चित्रं काढता काढता चित्रकार झाले. कोपऱ्यात नेहमी एकच बाई: ऊसतोड कामगार, मूठ आभाळाकडे, पदर वाऱ्यावर.

म्हणूनच गेल्या उन्हाळ्यात पुण्याच्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीनं नोकरीची चाचणी म्हणून सांगितलं की, 'अंगावर कपड्यांचे बरेच थर असलेली लढवय्यी काढा', तेव्हा मला विचार करावा लागला नाही. बाकीचे चिलखतं काढतील, काढोत. मी कोयता काढला. गावात राहून मनासारखी चित्रं काढायची, अशी दुसरी नोकरी मला मिळणार नव्हती. ही हवीच होती.

टॅबलेटवर प्रत्येक कपडा वेगळ्या थरावर काढतात, म्हणजे कुठलाही वरखाली करता येतो. मी खाली परकर काढला, त्यावर पुरुषाचा शर्ट, त्यावर साडी आणि सगळ्यात वर फडफडता पदर. दोन दिवस खपून चित्र काकूला दाखवलं. काकू दर हंगामाला ऊस तोडायला जाते, उन्हाळ्यात घरी असते. ती इतकी हसली की मांडीवरचं शेंगा पाखडायचं सूप कलंडलं.

"आगं, ही कुठं निघाली? लग्नाला?"

"उसाच्या फडात, काकू. लढायला."

"मंग पदर कावून मोकळा सोडलास? पाचटात गुतला की तोंडावर पडंल ना! आन शर्ट साडीच्या आत? ऊस काय आतून कापतो का?"

मला लाज वाटली. शर्ट साडीवरून घालतात, हे मी लहानपणापासून बघत आलेय. तरी हातानं पत्रकातलीच बाई काढली होती. ती बाई आम्ही इतकी वर्षं छापली, पण काकूला एकदाही दाखवली नव्हती.

काकूनं हंगामाची पिशवी काढली आणि अंगणात एकेक कपडा चढवून दाखवला. पदर कमरेला खोचला. त्यावर काकांचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटनं. डोक्यावरून मानेभोवती टॉवेल. त्यावर मोळी उचलायची चुंबळ.

"माझा शर्ट हाय तो, ध्यानात ठिवा," काका ओट्यावरून म्हणाले.

"तुमच्यापरीस जास्त कामाला आलाय," काकू म्हणाली आणि छातीवरचा खिसा थोपटून मला सांगू लागली, "ह्यो लई मोठा फायदा. पोलक्याला खिसा न्हाई. हितं मिसरीची डबी, कोयत्याला धार लावायला कानशीचा तुकडा, मोबाइल."

मी चित्रातला पदर खोचला, शर्टाचा थर उचलून साडीवर ठेवला, टॉवेल आणि चुंबळ चढवली आणि चित्र पाठवलं.

आठवड्यानं व्हिडिओ कॉल आला. कंपनीतला माणूस म्हणाला, "सुंदर आहे. फक्त त्या शर्टामुळे बांधा दिसत नाही. शर्ट काढता येईल?"

माझ्या डोक्यात चार परिच्छेदांचं पत्रक तयार झालं. पण मी तोंड उघडायच्या आत शेजारी बसलेली काकू पडद्याकडे वाकली.

"दादा, तुमी बिनशर्टाचं फडात जाऊन एक मोळी ऊस तोडून दाखवा. मंग काढू."

गेली नोकरी, असं वाटलं. तरी मी म्हणाले, "शर्ट राहील. नसेल चालत तर दुसरं कुणी बघा."

त्यानं चित्रातला खिसा मोठा करून बघितला. मग म्हणाला, "मावशी, त्या खिशात काय ठेवता?"

काकूनं सगळी यादी सांगितली. तो लिहून घेत होता.

नोकरी लागली. आता खेळणारा जे जे गोळा करतो, ते सगळं त्या शर्टाच्या खिशात जातं. खेळाचा पहिला नमुना आला तेव्हा काकूनं पडद्यावरचा खिसा बोटानं दाबला. नकाशा निघाला, औषधाची बाटली निघाली, किल्ली निघाली.

"आन मिसरी?"

त्या दिवशी बाकीचं काम बाजूला ठेवून मी आधी डबी काढली.