माल्ट्यातली रिकामी खुंटी

कोल्हापुरात फुटबॉलची टीम तालमीची असते. खाली कुस्तीचा आखाडा, वर कपडे बदलायची खोली आणि तिच्या भिंतीत लोखंडी खुंट्यांची रांग. आमच्या पेठेत प्रत्येक खेळाडूला एक खुंटी मिळते. खेळणं सुटलं की ती दुसऱ्याची. पण कुणी 'येतो' म्हणून परगावी गेला, तर तो येईपर्यंत तिच्यावर कुणी रुमालसुद्धा टाकत नाही. दुसरा नियम असा, की मॅचला निघताना आखाड्यातली चिमूटभर तांबडी माती बुटाच्या टोकाला लावायची. हे नियम मोडलेले मी पाहिले नाहीत, आणि मी त्या खोलीत मिसरूड फुटायच्या आधीपासून बसतोय. मॅचला माईक माझ्या हातात असतो. मॅच नसली तरी मी बोलतच असतो.

दारामागची खुंटी आमच्या जुन्या गोलकीपरच्या थोरल्या भावाची. तो लेफ्ट आऊटला खेळायचा. मग बोटीवर नोकरीला लागला आणि 'पुढच्या सीझनला येतो' म्हणून गेला तो गेलाच. गोलकीपर आता म्हातारा झालाय. भावकीनं भावाचे दिवस घालायचं काढलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "खुंटी हाय की अजून." विचित्र गोष्ट अशी, की बाकीच्या खुंट्या गंजल्या, पण या एकीची मान चकचकीत. रोज कुणी सदरा अडकवावा तशी. आम्ही त्यावर बोलत नसू.

यंदा पोरांनी खोलीला टाइल्स लावायचं ठरवलं. खुंट्या उपटून स्टीलचे हुक बसवायचे होते. गोलकीपर चहा तसाच ठेवून उठला आणि दारामागच्या खुंटीखाली जाऊन बसला.

मग मी माझं हत्यार बाहेर काढलं. माझा मेहुणा माल्ट्यात एका हॉटेलच्या किचनमध्ये आहे आणि एका जुन्या फुटबॉल क्लबसमोर राहतो. त्याच्या फोनवरच्या माहितीवर मी कट्ट्यावर त्या क्लबचा इतिहास रोज थोडा थोडा वाढत होतो. गोदीतल्या कामगारांनी काढलेली टीम, गवताचं पातं नसलेलं मैदान, युद्धात आकाशातून बाँब पडायला लागल्यावर थांबलेले सामने, पुढं खालच्या डिव्हिजनमध्ये घसरणं आणि परत वर येणं. पोरं तोंड उघडं टाकून ऐकत. त्या संध्याकाळी मी आवाज खाली आणला आणि एक प्रकरण पदरचं घातलं. युद्धाला गेलेल्या एका खेळाडूची खुंटी तिथं अजून रिकामी आहे. क्लब प्रोफेशनल झाला, भिंती नव्या आल्या, पण त्या खुंटीला कुणी हात लावला नाही. धादांत थाप.

"ती माणसंबी आपल्यागतच येडी हाईत व्हय?" कॅप्टन म्हणाला. "ऱ्हाऊ दे मग ती एक. टाइल कापून बसवूया."

पुढच्या रविवारी दुपारी, जेवून आडवा झालो होतो तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला.

"दाजी, आज त्या क्लबात आत गेलतो. खुंटीला पिशवी अडकवाय गेलो, तर तिथला एक म्हातारा वरडला की अंगावर."

मी उठून बसलो. "कुणाची खुंटी? युद्धात गेलेल्याची?"

"कसलं युद्ध? कोण खलाशी हुता म्हणं. बोट दुरुस्तीला लागलेली, तवर त्यांच्यात खेळला. लेफ्ट आऊट. म्हातारा म्हणतोय, तुझ्याच रंगाचा. डबीतनं तांबडी माती काढून बुटाला लावायचा. 'पुढच्या सीझनला येतो, तवर हितं काय टाकू नका' म्हणून सांगून गेला."

मेहुणा गगनबावड्याकडचा. तालमीचा जिना त्यानं कधी चढलेला नाही, आणि खुंटीचं मी त्याला अवाक्षर सांगितलेलं नव्हतं. बाहेर लख्ख ऊन होतं. मी उठून पंखा बंद केला.

गोलकीपर तालमीच्या पायरीवर बसला होता. आख्खं मैदान हलवणारा मी, पण फोनवरचं सगळं त्याला कुजबुजत सांगितलं.

"नाव काय म्हणाला?" त्यानं विचारलं.

"म्हाताऱ्याला आठवत नाही."

"आन त्या खुंटीवर काय हाय?"

"काही नाही. रिकामी."

मला वाटलं, आता रडेल. पण तो गुडघ्यावर हात टेकून उठला आणि धोतर झटकलं.

"तितं पोचला न्हाय, हितं पोचला न्हाय," तो म्हणाला. "म्हंजे वाटंत हाय."

टाइल्स लागल्या. कॅप्टननं खुंटीला हौसेनं हिरवा ऑइलपेंट दिला. पहिल्या मॅचच्या दिवशी आम्ही वर गेलो, तर मानेवरचा रंग गेलेला, आतलं लोखंड लकलकतंय. मला वाटतं, गोलकीपरच गुपचूप घासत असावा. त्याला वाटतं, हा माझा उद्योग, कारण असले उद्योग मी आयुष्यभर केलेत. बुटांना माती लागत असताना आम्ही एकमेकांकडं बघतो. अजून कुणी कुणाला विचारलेलं नाही.