पुन्हाताई

विद्यापीठात सगळे तिला ‘पुन्हाताई’ म्हणायचे. रसायनशास्त्राचे प्राध्यापक मोठ्या सभागृहात शेकडो मुलांपुढे व्याख्यान देत, आणि ज्यांच्या डोक्यावरून ते जाई, ती मुलं तळमजल्यावर तिच्या खोलीत येऊन म्हणत, “ताई, पुन्हा सांगा ना.” पीएच.डी. करता करता ती सहायक म्हणून शिकवायची. उत्तरपत्रिका तपासणं, प्रयोग मांडून देणं, रडकुंडीला आलेल्यांची समजूत घालणं, सगळं तिच्या गळ्यात.

“सर बोलून मोकळे होतात, निस्तरायचं मी,” ती घरी तावातावाने सांगायची.

“मग एकदा तूच बोल की,” आई म्हणायची.

एके सकाळी सरांचा घसा बसला. त्यांनी खडू तिच्या हातात दिला आणि स्वतः पहिल्या बाकावर जाऊन बसले.

सुरुवात तिने झोकात केली. पण वरच्या रांगांतले चेहरेच दिसेनात. खोलीत कपाळावरची आठी बघून तिला कळायचं, कोण कुठे अडलंय. इथे समोर नुसती डोकी. ती घाईघाईने बोलत सुटली आणि अर्ध्या तासातच जवळचं सगळं संपलं. तिने सरांकडे पाहिलं.

“फळा पूस,” ते घोगऱ्या आवाजात पुटपुटले. “सावकाश. तेवढ्यात सुचतं.”

फळा पुसून ती वळली आणि तिने सरळ विचारलं, “कुणाला कळलं नाही?”

मागून आवाज आला, “ताई, पुन्हा सांगा ना!” सभागृह खो-खो हसलं. तीही हसली, आणि मग तास छान रंगला.

नंतर चहा घेताना तिने विचारलं, “सर, मुलांना कळलं की नाही, हे तुम्हाला कसं कळतं?”

“नाहीच कळत. जाता-येता तुझ्या खोलीबाहेरची रांग बघतो. लांब असली, की दुसऱ्या दिवशी मागचं थोडं परत घेतो.”

हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. “मग आत का नाही येत?”

“मी आलो तर मुलं तोंड उघडतील का?”

तरी ती त्यांना घेऊन गेलीच. मुलं आधी तिलाच विचारत राहिली, मग सरांनाही प्रश्न विचारू लागली. तेव्हापासून सर अधूनमधून खोलीत येतात, आणि कधीकधी सभागृहात ती उभी राहते.

यंदा तिचा प्रबंध पुरा झाला. दुसऱ्या गावाहून नोकरीचं बोलावणं आलंय. जायचं की नाही, ते ठरायचंय. सध्या दोघांचं वेगळंच भांडण चाललंय: मुलांना आधी प्रयोग दाखवावा की आधी समीकरण? दोघंही हटायला तयार नाहीत, आणि दोघांनाही त्यात भारी मजा येते.