बंपरवरचं मेण

बायकोच्या गाडीत मी दोन वर्षं बसलो नव्हतो. ही गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही. विचारलंच कुणी, तर 'पार्किंग मिळत नाही हो' म्हणून स्कूटर काढायचो.

खरं कारण मीच होतो. पन्नाशीच्या तोंडावर तिनं ड्रायव्हिंगचा क्लास लावला, तेव्हा एका बारशात सगळ्या नातेवाइकांसमोर मी म्हणालो, "ही गाडी बाहेर काढेल तो दिवस आधी कळवा, मी घरातच थांबेन." सगळे हसले. ती पेढ्यांचं ताट घेऊन पुढे गेली. नंतर लायसन्स मिळालं, तिनं स्वतःच्या पगारातून छोटी पांढरी गाडी घेतली, आणि 'चला' असं मला एकदाही म्हणाली नाही. मीही 'येऊ का' असं विचारलं नाही. मला माफी मागता येत नाही. घशापर्यंत येते आणि मी चहा मागतो.

खंडेनवमीच्या दुपारी ती झेंडू आणायला मंडईत गेली, तेव्हा मला वाटलं, दसऱ्याच्या पूजेसाठी गाडी अशी चमकवावी की बोलायची गरजच पडू नये. मेणाचं पॉलिश आणलं होतं. पत्र्यावर सुरेख बसलं. मग बंपरचं आणि आरशांखालचं काळं खरबरीत प्लॅस्टिक फारच निस्तेज दिसायला लागलं. तिथं जरा जास्तच थापलं आणि उन्हात वाळू दिलं. डबीवर बारीक अक्षरात 'काळ्या प्लॅस्टिकवर लावू नये' असं लिहिलं होतं, ते चष्मा लावल्यावर दिसलं.

तोवर प्लॅस्टिकच्या प्रत्येक खळग्यात पांढरं मेण घट्ट बसलं होतं. फडक्यानं पुसलं तर आणखी पसरलं. मोबाइलवर एक व्हिडिओ सापडला. त्यातला माणूस सांगत होता, पीनट बटर चोळा, त्यातल्या तेलानं मेण सुटतं. आमच्याकडे कुठलं पीनट बटर? पण नवरात्राचे उपास असल्यामुळे दाण्याच्या कुटाचा डबा काठोकाठ भरलेला होता. शेंगदाणाच की शेवटी! दोन चमचे तेल घालून मी तो बंपरवर चोळला.

मेण होतं तिथंच राहिलं. वर कूट चिकटला.

पहिल्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून बराच वेळ बघत असाव्यात. "काय हो," त्या म्हणाल्या, "गाडीलाही उपास आहे का?"

मी काही बोलणार तेवढ्यात फाटकातून बायको आली. दोन्ही हातांत झेंडूच्या पिशव्या. तिनं बंपर पाहिला, वास घेतला, डब्यात डोकावली.

"अहो, हा संध्याकाळच्या खिचडीचा कूट."

"हो."

"सगळा?"

"तळाशी थोडा आहे."

ती ओरडेल असं वाटलं होतं. ती पायरीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग म्हणाली, "मेण आहे ना ते? मग तापवा की! साडीवर मेणबत्तीचं मेण सांडलं तर आपण इस्त्रीच फिरवतो ना?"

खिडकीतून वायर सोडली. तिनं केस वाळवायचा ड्रायर जरा लांब धरून हळूहळू फिरवला, प्लॅस्टिक वितळू नये म्हणून हातानं चटका बघत. मेण मऊ पडलं की मी लगेच जुन्या टूथब्रशानं, साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून, उभंआडवं घासायचो आणि कोरड्या फडक्यानं टिपायचो. वीतभर जागा काळीभोर निघाली तेव्हा दोघंही "आलं, आलं!" असं ओरडलो.

"पण हे सुचलं कशाला तुम्हाला?" आरशाखाली ड्रायर धरत तिनं विचारलं.

चहा मागायची सोय नव्हती, तिच्या हातात ड्रायर होता.

"बारशात जे बोललो ना," मी ब्रशकडे बघत म्हणालो, "ते वाईट बोललो. चार लोकांत तुझी थट्टा केली. तू माझ्यापेक्षा धीट निघालीस, ते बघवलं नाही मला. चुकलं माझं."

ड्रायरचा आवाज बंद झाला.

"हे बंपरला सांगत होतात होय दुपारपासून?"

"तोंडानं जमत नाही गं."

"जमलं की आत्ता." तिनं हाताच्या पाठीनं नाक पुसलं. "पलीकडची बाजू राहिलीय. घासा."

ती बाजू संपली तेव्हा ऊन उतरलं होतं. मी हात धुतले, गाडीचं डावं दार उघडलं आणि विचारलं, "बसू का?"

"धायरीला ताईकडे फुलं पोचवायचीत. ट्रॅफिक असेल हं."

"असू दे."

सिंहगड रस्त्यावर एक दुचाकी अचानक आडवी आली. तिनं अगदी शांतपणे वेग कमी केला. मी मात्र उजवा पाय खाली जोरात दाबला होता.

"अहो, तुमच्या बाजूला ब्रेक नाहीये," ती म्हणाली. "पाय सोडा आणि मजेत बसा."

मी पाय सोडला. खिडकीची काच पूर्ण खाली केली, मागच्या सीटवरच्या पिशव्या पडू नयेत म्हणून एक हात तिकडे टाकला आणि धायरी येईपर्यंत आम्ही दोघं बोलतच होतो.