अमृतसरमधल्या कडक भाकऱ्या

माझ्या बायकोने मला फसवलं. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी तर मी तिच्यापासून वीस पावलांवर उभा होतो.

हे मला गेल्या रविवारी कळलं, अमृतसरचा बेत ठरवत असताना.

सोलापूर सोडून चंदीगडला आलो त्याला एकतीस वर्षं झाली. आलो तेव्हा डेराबस्सीतल्या एका औषध कारखान्यात मशिनं दुरुस्त करायचो. आज त्याच कारखान्याला गोळ्यांची खोकी पुरवतो. मधल्या काळात मला कुणी काही फुकट दिलं नाही, आणि मीही सांगितलेल्या भावात काही घेतलं नाही. गावाकडून पाहुणे यायचे ते शिमला आणि अमृतसर बघायला. शिमल्याच्या बसमध्ये त्यांना बसवून द्यायचो. अमृतसरला मात्र स्वतः गाडी काढायचो. पहाटे निघायचं, सुवर्णमंदिर, जालियनवाला बाग, संध्याकाळी सीमेवरची परेड, की परत. पाहुणे चार आणि मी पाचवा, त्यामुळे बायकोला गाडीत जागा उरायची नाही.

"पुढच्या वेळी आपण दोघंच जाऊ," मी दर वेळी म्हणायचो. ती डबा भरता भरता मान हलवायची.

डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा. हा आग्रह माझा. परक्या गावात पाहुण्यांची पोटं बिघडली तर बोल मला लागणार. शिवाय पाहुणा चेहरा दिसला की भाव चढवणारे लोक मला बघवत नाहीत. लंगरची पंगत लांब दिसली की पाहुण्यांनाच परेडची घाई व्हायची. मग मंदिराजवळच्या पार्किंगमध्ये बॉनेटवर वर्तमानपत्र पसरायचं आणि भाकरी मोडायची. अकरा वेळा अमृतसरला गेलो आणि अकराही वेळा सोलापूरचंच जेवलो.

या वर्षी कामाची घडी बसली, अंगावरचं ओझं जरा उतरलं, तेव्हा ठरवलं की आता दिलेला शब्द पाळायचा. दोन दिवस, दोघंच, आणि या वेळी डबा नाही. तिने अमृतसर पहिल्यांदा माझ्याबरोबर बघावं, एवढीच माझी इच्छा होती. कुठे उभं राहिलं की सोन्याचं प्रतिबिंब पाण्यात पुरं दिसतं, परेडला कुठल्या बाजूला बसावं, हे सगळं तिला दाखवायचं मी मनात घोकून ठेवलं होतं.

रविवारी मुलगी आली होती. ती सेक्टर ३९ मधल्या संस्थेत संशोधन करते. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देते. तिने फोनवर एक गेस्ट हाऊस शोधून दिलं आणि बोलणी मी हातात घेतली.

"भाईसाब, नाश्ता अलग से है," पलीकडचा म्हणाला.

"नाश्ता अलग है तो हम भी अलग होटल में हैं."

"आप तो नाराज हो गए जी."

"नाराज नहीं हूँ. दूसरा नंबर लगा रहा हूँ."

वीस मिनिटं लागली. खिडकीची खोली, दोन्ही दिवसांचा नाश्ता आणि स्टेशनवरून आणायला रिक्षा, सगळं त्याच भाड्यात. फोन ठेवून मी दोघींकडे पाहिलं. कौतुक नको, पण मान तरी हलवायला हरकत नव्हती.

बायको मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नाश्ता काढून टाकायला सांगा."

"काय?"

"अमृतसरला जाऊन ब्रेड-ऑम्लेट कोण खातंय? आठला कुलच्याचा तंदूर पेटतो. नऊनंतर रांग आवरत नाही. आणि छोले परत मागायला लाजायचं नाही, ते आपणहून वाढतात."

"तुला काय माहीत?"

तिचे हात मेथीवरच थांबले. मुलगी फोनमध्ये बघत म्हणाली, "पापा, मम्मी तो तीन बार जा चुकी है. आपको नहीं पता, यार?"

मी आवाज चढवला, हे कबूल करतो. बायको शांत होती. मराठी मंडळातल्या बायकांबरोबर ती गेली होती. हवाई दलातल्या एका अधिकाऱ्याची बायको बदलीवर इथे असताना तिनेच हे सुरू केलं. सकाळची रेल्वे, कुलचे, मंदिर, पापड-वड्यांची खरेदी, आणि मी डेराबस्सीहून यायच्या आत घरी.

"तिसऱ्या वेळी तुम्हीही होतात की," ती म्हणाली. "तुम्ही पाचला पाहुण्यांना घेऊन निघालात, मी सातच्या गाडीने. पार्किंगमध्ये बघितलं मी तुम्हाला."

"मी काय करत होतो?"

"भाकरी मोडत होतात. मामंजींच्या भावाला सांगत होतात, इथलं काय खायचं? आमच्या हिच्या हातच्या भाकरीपुढे सगळं फिकं."

"आणि तू?"

"माझी बोटं तुपाने माखली होती."

मुलगी इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. मी हसलो नाही, निदान तिच्यासमोर नाही. भाकरीचं जे बोललो होतो ते खरंच होतं. तुलनेला दुसरं काही खाल्लंच नव्हतं, हा मुद्दा वेगळा.

संध्याकाळी गेस्ट हाऊसला फोन करून मी नाश्ता काढायला सांगितला. बदल्यात परतीच्या दिवशी खोली दुपारपर्यंत ठेवून घेतली. येत्या शनिवारी निघतोय. वाट ती दाखवणार, हेही ठरलं. पाण्यातलं प्रतिबिंब कुठून पुरं दिसतं हे तिला मी दाखवायच्या आधीच ठाऊक आहे. तशी माझी तक्रार नाही. कुलच्याला अकरा वेळा मुकलेला माणूस आणखी काय गमावणार?

फक्त एक गोष्ट सोडणार नाही. वीस पावलांवर नवरा उभा, तिची तारीफ करतोय, हातात तिचीच भाकरी. हाक का मारली नाहीस? विचारलं तर म्हणते, "सांगेन की." सांगेन नाही. शनिवारी, त्याच पार्किंगमध्ये, पहिल्या कुलच्याच्या आधी, मला याचं उत्तर पाहिजे.